जर्मनीत व्यवसाय थाटायचा तर कोणतं काम आधी, कोणतं नंतर

जर्मनीत कंपनी काढायला जर्मनीत राहण्याचा परवाना लागत नाही. भारतात राहणारा माणूसही जर्मन कंपनीचा मालक आणि संचालक होऊ शकतो. कंपनी नोंदवणारं न्यायालय व्हिसा विचारत नाही. म्हणूनच बरेच जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी कंपनी, मग जागेचा पाच वर्षांचा भाडेकरार, मग यंत्रं आणि सगळ्यात शेवटी व्हिसा. पण कंपनी नावावर आहे एवढ्यावरून तिथे राहून ती चालवण्याचा हक्क मिळत नाही. अर्ज फेटाळला गेला तरी जागेचं भाडं चालूच राहतं.

खालचा क्रम भारतीय पासपोर्टवर जाऊन तिथेच कायमचं राहू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. यातल्या बहुतेक अडचणी कायदा कडक असल्यामुळे येत नाहीत, एखादं काम दुसऱ्याच्या आधी केल्यामुळे येतात.

दार कोणतं निवडायचं

स्वयंरोजगारासाठी वास्तव्य कायद्याचं कलम २१ आहे. त्याचं पहिलं उपकलम उद्योग-व्यापार करणाऱ्यांसाठी. त्यात तीन अटी आहेत: व्यवसायात आर्थिक हित किंवा त्या भागाची गरज दिसली पाहिजे, अर्थव्यवस्थेवर त्याचा चांगला परिणाम अपेक्षित असला पाहिजे आणि भांडवल स्वतःचं किंवा मंजूर कर्जाचं, पण पक्कं असलं पाहिजे. किमान गुंतवणुकीचा आकडा कायद्यात नाही. अडीच लाख युरो आणि पाच नोकऱ्या हा जुना मापदंड २०१२ मध्येच काढून टाकला, तरी सल्लागारांच्या तोंडी तो अजून ऐकू येतो.

पाचवं उपकलम ‘फ्रायबेरुफ्लर’ म्हणजे स्वतंत्र व्यावसायिकांसाठी: अभियंते, वास्तुरचनाकार, अनुवादक, पत्रकार, कलाकार, शिक्षक वगैरे. इथे पहिल्या उपकलमाच्या आर्थिक हिताच्या कसोट्या लागत नाहीत, त्यामुळे दार रुंद वाटतं. पण एक फरक नीट समजून घ्या. पहिल्या उपकलमाखाली व्यवसाय यशस्वी ठरला तर तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. स्वतंत्र व्यावसायिकांना ही सवलत कायद्यानेच नाकारली आहे. त्यांना सर्वसाधारण नियमाने पाच वर्षं, निवृत्तिवेतनाची ६० महिन्यांची वर्गणी किंवा तशीच दुसरी तरतूद आणि बी१ (मध्यम) पातळीची जर्मन, असं सगळं लागतं.

तिसरा रस्ता लांबचा वाटतो, पण पुष्कळांना तोच सोयीचा पडतो: आधी ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, नोकरी. बी१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत आणि ए१ (प्राथमिक) असेल तर २७ महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकतं, आणि त्यानंतर कोणताही व्यवसाय परदेशी नागरिक कार्यालयाला न विचारता करता येतो. नोकरीच्या काळात कलम २१ च्या सहाव्या उपकलमाखाली जोडव्यवसायाची परवानगीही मागता येते. सरकारी आरोग्य विम्यात शिरायचं दारही नोकरीतूनच उघडतं. त्याचं महत्त्व पुढे येईलच. ज्यांचं शिक्षण आणि अनुभव जर्मन नोकरीला चालण्यासारखा आहे, त्यांनी थेट व्यवसायाच्या व्हिसावर जाण्याआधी हा हिशोब एकदा कागदावर मांडावा.

वय ४५ च्या पुढे असेल तर कलम २१ खाली म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. काही देशांच्या नागरिकांना यातून सूट आहे, भारतीयांना नाही. भारतातली मालमत्ता, विमा, भविष्यनिर्वाह निधी हे सगळं मूल्यांकनासह आणि जर्मन अनुवादासह जोडा.

अर्ज आणि व्यवसायाचा आराखडा

दीर्घ मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसासाठी ‘डी’ प्रकारचा अर्ज परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. शुल्क ७५ युरो. तुमची फाईल दूतावासात निकालात निघत नाही. ती जिथे व्यवसाय करणार त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे जाते, आणि तिथून स्थानिक उद्योग-व्यापार मंडळाकडे, म्हणजे ‘आयएचके’कडे मतासाठी. दोन कार्यालयं आणि त्यांच्यातला पत्रव्यवहार. त्यामुळे काही महिने धरूनच चाला.

याचा अर्थ आराखडा वाचणारा खरा माणूस आयएचकेत बसलेला आहे. त्याला त्याच्या भागाची बाजारपेठ तोंडपाठ असते. ‘युरोपीय बाजार प्रचंड मोठा आहे’ या वाक्याचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. त्याला बघायचं असतं ते हे:

– ग्राहक कोण, आणि त्यातल्या कुणी लेखी तयारी दाखवली आहे का. तीन-चार संभाव्य ग्राहकांची इरादापत्रं दहा पानांच्या बाजार विश्लेषणापेक्षा वजनदार ठरतात. पत्रात काम, अंदाजे रक्कम आणि कालावधी असावा; नुसतं ‘आम्हाला रस आहे’ असं नको.
– पहिल्या तीन वर्षांचं उत्पन्न आणि खर्चाचं कोष्टक, पहिल्या वर्षाचं तर महिन्यागणिक. त्यात तुमचा स्वतःचा घरखर्च आणि आरोग्य विमा धरलेला हवा. तो विसरलेला आराखडा लगेच ओळखू येतो.
– भांडवल कुठून आलं याचा माग. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम प्रश्न उभे करते.
– याच शहरात का. त्या शहरातले पुरवठादार, विद्यापीठ, बंदर, ग्राहक यांच्याशी काही नातं दाखवता आलं पाहिजे.
– तुमचा अनुभव या धंद्यातलाच आहे ना.

कायद्याने तपासायचे मुद्दे थोडक्यात असे: कल्पना टिकाऊ आहे का, उद्योजकतेचा अनुभव, भांडवलाचं प्रमाण, रोजगार आणि प्रशिक्षणावर परिणाम, संशोधन-नवनिर्मितीत भर. आराखड्यात हेच पाच मथळे वापरले तर वाचणाऱ्याचं काम सोपं होतं. आराखडा जर्मनमध्येच द्या, आणि तुमचं स्वतःचं जर्मन बेताचं असेल तर अनुवाद व्यावसायिकाकडून करून घ्या. अनुवादात आकडे चुकले की सगळ्या कोष्टकावरचा विश्वास उडतो.

१ जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारल्यावर दूतावासाकडे फेरविचार मागण्याची सोय बंद झाली आहे. आता दोनच वाटा उरल्या: नव्याने अर्ज, किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. पूर्वी अपुरा अर्ज टाकून, नकाराची कारणं वाचून फेरविचारात दुरुस्ती करणं काहींना जमत असे. तो खेळ संपला. फाईल पहिल्या खेपेलाच पूर्ण हवी.

भारतातून नेण्याची कागदपत्रं

परदेशी जायचं म्हणजे कागदांवर अपोस्टिलचा (परदेशात चालणाऱ्या प्रमाणीकरणाचा) शिक्का घ्यायचा, हा सरसकट सल्ला इथे लागू पडत नाही. भारत अपोस्टिल करारात सामील झाला तेव्हा जर्मनीने भारतापुरता आक्षेप नोंदवला. त्यामुळे जन्माचे, विवाहाचे दाखले जर्मन कार्यालयाला खात्रीने हवे असतील तर ते दूतावासामार्फत भारतात पडताळणी करवून घेतात. त्याला महिने लागतात आणि खर्च तुमचा. दाखल्यांवरची नावं, जन्मतारीख, आई-वडिलांची नावं पासपोर्टशी अक्षरशः जुळतात का ते आधी बघा. आडनावाच्या स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरक पडताळणीत हमखास अडकतो. जुळत नसेल तर निघण्याआधी दुरुस्ती करा, कारण जर्मनीतून ती करणं फार जिकिरीचं असतं.

पदवीसाठी आधी ‘अनाबिन’ या सार्वजनिक माहितीकोशात तुमचं विद्यापीठ आणि पदवी शोधा. दोन्ही तिथे मान्य दिसले तर त्या पानांची छापील प्रत पुरते. नसले तर ‘झेडएबी’ या संस्थेकडून पदवीच्या तुल्यतेचं पत्र मागवावं लागतं.

पैसा बाहेर नेताना

भारतात रहिवासी असेपर्यंत उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर नेता येतात. पण स्वतःच्या परदेशी कंपनीत भांडवल घालणं म्हणजे साधं पैसे पाठवणं नव्हे, ती थेट परदेशी गुंतवणूक ठरते. त्यासाठी बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेकडून विशिष्ट ओळख क्रमांक आधी घ्यायचा आणि मगच पैसे पाठवायचे. ‘नातेवाइकाच्या खर्चासाठी’ असा उद्देश टाकून भांडवल पाठवलं तर पुढे ते नियमित करून घेण्यात दंड आणि वेळ दोन्ही जातात. वर्षात १० लाख रुपयांवर जाणाऱ्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापते. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण दरम्यान तेवढी रोकड अडकते. ५० लाख पाठवायचे तर ४० लाखांवर ८ लाख आणखी हाताशी हवेत.

कायमचं राहायला निघालात की परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी होता. भारतातली साधी बचत खाती तशीच ठेवायची नसतात, ती एनआरओ (अनिवासींसाठीची खाती) करून घ्यायची.

कंपनीचा साचा

तीन पर्याय व्यवहारात येतात. एकट्याच्या नावाचा धंदा: भांडवलाची अट नाही, पण कर्ज तुमच्या घरादारावर येतं. ‘जीएमबीएच’: मर्यादित जबाबदारी, २५,००० युरो भागभांडवल, त्यातले किमान १२,५०० नोंदणीआधी भरलेले. ‘यूजी’: एक युरोपासून निघणारी धाकटी कंपनी.

यूजीचा एक युरो फसवा आहे. नोटरी आणि नोंदणीचा खर्चच भांडवलापेक्षा जास्त होतो, म्हणजे कंपनी जन्मतःच ताळेबंदात बुडालेली. शिवाय भांडवल २५,००० होईपर्यंत दरवर्षीच्या नफ्यातला चौथा हिस्सा राखीव ठेवणं बंधनकारक आहे. आणि व्हिसाची फाईल वाचणाऱ्याला ‘भांडवल: १ युरो’ ही ओळ काय सांगते याचा विचार करा. काढायचीच तर काही हजार युरो घालून काढावी.

जीएमबीएचचे पैसे ‘अडकून पडतात’ हा गैरसमज आहे. नोंदणीनंतर ते भाडं, पगार, माल यांवर खर्चता येतात. मालकाला परत देता येत नाहीत, एवढंच.

स्थापनेचे टप्पे असे चालतात:

१. नोटरीकडे संस्थापन करारावर सह्या. जर्मन येत नसेल तर दुभाष्या किंवा दोन भाषांतला मसुदा लागतो. ‘समजलं’ म्हणून मान डोलावणं नोटरी चालवून घेत नाही. २०२२ पासून ही सही व्हिडिओवरूनही होते, पण त्यासाठी चिपमधून पटणारी इलेक्ट्रॉनिक ओळख लागते, आणि भारतीय माणसाकडे ती जर्मन वास्तव्य कार्ड हातात आल्यावरच असते. त्याआधी प्रत्यक्ष हजेरी, किंवा जर्मन दूतावासात केलेलं मुखत्यारपत्र.
२. त्या कराराची प्रत घेऊन बँकेत खातं. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. भागधारक युरोपीय संघाबाहेर राहणारा असेल तर बँका सरळ नाही म्हणतात किंवा आठवडेच्या आठवडे कागद मागत राहतात. नोटरीची तारीख ठरवण्याआधी दोन-तीन बँकांशी बोलून ठेवा.
३. भांडवल भरल्याची पावती नोटरीला. तो न्यायालयातल्या व्यापार नोंदवहीकडे अर्ज पाठवतो. रोख भांडवलाच्या जीएमबीएचसाठी नोंदणी शुल्क १५० युरो.
४. नोंद झाली की कंपनी जन्मली. त्याआधी कंपनीच्या नावाने केलेल्या करारांची जबाबदारी सही करणाऱ्यावर वैयक्तिक येते. भाडेकरारावर सही करायची घाई याच टप्प्यात होते.
५. लाभार्थी मालकांची, म्हणजे कंपनी खरोखर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची, नोंद ‘ट्रान्सपारेन्झरेगिस्टर’मध्ये. ही आपोआप होत नाही.

नोंद जाहीर झाल्यावर आठवडाभरात सरकारी दिसणारी बिलं टपालाने येऊ लागतात: गरुडाचं चिन्ह, नोंदणी क्रमांक बरोबर, रक्कम काहीशे युरो. यातली बहुतेक खाजगी ‘निर्देशिकां’ची फसवी पत्रं असतात. खरं बिल न्यायालयीन कोषागाराकडून येतं. शंका आली तर पैसे भरण्याआधी नोटरीला दाखवा.

पोहोचल्यावरचे पहिले आठवडे

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला राहत असल्याचा दाखला लागतो. पोटभाड्याची खोली घेताना हा दाखला मिळणार का ते पैसे देण्याआधी विचारा. ‘नोंदणी करता येणार नाही’ अशा खोल्या स्वस्त असतात आणि तुमच्या काहीच कामाच्या नसतात. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, म्हणून ती तिकीट काढलं की लगेच ऑनलाइन घेऊन ठेवावी.

पत्ता नोंदला की ११ अंकी करओळख क्रमांक टपालाने येतो. इथे एक क्षुल्लक गोष्ट अनेकांचा महिना खाते: टपालपेटीवर तुमचं नाव नसेल तर पत्र परत जातं. पोस्टमन घर क्रमांक बघत नाही, आडनाव बघतो. कंपनीचा पत्ता तिथेच असेल तर कंपनीचं नावही पेटीवर चिकटवा. बँकेचं पिन, कर कार्यालयाचं पत्र, परवान्याची तारीख हे सगळं याच पेटीतून येतं.

नवख्याला घर मिळणं अवघड, कारण घरमालक ‘शुफा’ ही पतनोंद मागतो आणि नव्या माणसाची ती कोरी असते. तीन महिन्यांची अनामत ही कायद्याने कमाल मर्यादा आहे (निव्वळ भाड्याच्या तिप्पट) आणि ती तीन हप्त्यांत देता येते. त्याहून जास्त आगाऊ मागणारा आणि घर न दाखवणारा माणूस बहुधा घरमालक नसतोच.

यानंतर धंद्याची नोंद, ‘गेवेर्बेआनमेल्डुंग’. शुल्क शहरागणिक बदलतं, पण किरकोळ असतं. त्या कार्यालयाकडून कर कार्यालय आणि आयएचके यांना आपोआप कळतं. पण करविषयक प्रश्नावली तुम्हालाच ‘एल्स्टर’ या पोर्टलवर एका महिन्यात भरायची असते. त्यावरूनच धंद्याचा करक्रमांक मिळतो, आणि तो असल्याशिवाय नीट बिल काढता येत नाही. एल्स्टरचा प्रवेशकोडही टपालाने येतो. परत ती टपालपेटी.

व्हिसा संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात वास्तव्य परवान्याचा अर्ज गेलाच पाहिजे. तारीख मिळत नसली तरी मुदतीत अर्ज पोहोचल्याचा पुरावा ठेवा; निकाल होईपर्यंत तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. परवाना हातात आला की त्याला जोडलेला हिरवा कागद वाचा. त्यावर तुम्हाला नेमका कोणता व्यवसाय करायची मुभा आहे ते लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअर सल्ला लिहिलं असेल आणि तुम्ही बाजूला मालाची आयात सुरू केली तर तो परवान्याचा भंग ठरतो. धंदा बदलायचा असेल तर आधी अर्ज.

आरोग्य विमा: इथली चूक उलटवता येत नाही

व्हिसासाठी घेतलेला ३०,००० युरोंचा प्रवासी विमा वास्तव्य परवान्याला चालत नाही. पाच वर्षांत आपोआप संपणारे ‘परदेशी पाहुण्यां’साठीचे स्वस्त विमेही पुष्कळ कार्यालयं नाकारतात. उरतात दोन: सरकारी आणि पूर्ण खाजगी.

सरकारी विम्यात ऐच्छिक सभासद व्हायला आधीचा विमाकाळ लागतो: लगतचे सलग १२ महिने किंवा गेल्या पाच वर्षांत २४ महिने. भारतातून थेट व्यवसायासाठी आलेल्याकडे तो नसतो. म्हणून त्याला खाजगीच घ्यावा लागतो. खाजगी विम्याचा हप्ता उत्पन्नावर नाही, वयावर आणि आजारांच्या इतिहासावर ठरतो. जोडीदार आणि प्रत्येक मूल यांचा हप्ता वेगळा. सरकारी विम्यात न कमावता जोडीदार आणि मुलं त्याच वर्गणीत येतात. चार जणांच्या कुटुंबाला हा फरक वर्षानुवर्षं भरावा लागतो. वयाच्या ५५ नंतर खाजगीतून सरकारी विम्यात परतणं जवळपास अशक्य. आधी नोकरी, मग व्यवसाय या रस्त्याची बाजू मजबूत होते ती इथे.

खाजगी विम्याच्या अर्जात जुना आजार लपवू नका. विमा कंपनी नंतर करार रद्द करू शकते, आणि विमा नसला की परवानाही धोक्यात.

कर: दुसऱ्या वर्षाचा सापळा

जीएमबीएचला १५ टक्के कंपनी कर आणि त्यावर ५.५ टक्के एकता अधिभार, म्हणजे १५.८२५ टक्के. २०२८ पासून कंपनी कर दरवर्षी एकेक टक्क्याने उतरत २०३२ मध्ये १० टक्क्यांवर येणार आहे. शिवाय धंदा कर, ‘गेवेर्बेश्टॉयर’. त्याचा पाया ३.५ टक्के आणि गुणक प्रत्येक गावाचा वेगळा. बर्लिनचा गुणक ४१० टक्के, म्हणजे १४.३५ टक्के कर; म्युनिकचा ४९०, म्हणजे १७.१५. एकूण बोजा बर्लिनमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास, म्युनिकमध्ये ३३. एकट्याच्या धंद्याला या करात वर्षाला २४,५०० युरो नफ्यापर्यंत सूट आहे, जीएमबीएचला नाही. स्वतंत्र व्यावसायिकांना हा कर मुळातच नाही. मात्र तुम्ही त्या वर्गात बसता की नाही हे कर कार्यालय ठरवतं. सॉफ्टवेअरची कामं या सीमेवर येतात, आणि चार वर्षांनी तपासणीत वर्ग बदलला तर मागच्या सगळ्या वर्षांचा कर एकदम येतो.

मूल्यवर्धित कर १९ टक्के, काही वस्तूंवर ७. मागच्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोंच्या आत आणि चालू वर्षाची १,००,००० च्या आत असेल तर ‘क्लाइनउंटरनेमर’ म्हणून तो न आकारण्याची मुभा आहे. सुरुवातीच्या खरेदीवरचा कर मग परत मिळत नाही; यंत्रं-सामान घेणाऱ्याला ही सवलत महाग पडते. प्रश्नावलीतला आणखी एक चौकोन चुकवू नका: कर बिल काढल्यावर द्यायचा की पैसे आल्यावर. ८,००,००० युरो उलाढालीपर्यंत दुसरा पर्याय मागता येतो. नाही मागितला तर ग्राहकाने साठ दिवसांनी पैसे दिले तरी कर तुम्ही खिशातून आधीच भरलेला असतो.

आता सापळा. पहिल्या वर्षी प्रश्नावलीत नफा कमी लिहिला की आगाऊ कर शून्य येतो, आणि खातं भरलेलं दिसतं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यात विवरणपत्र जातं. मग एकाच पाकिटात पहिल्या वर्षाचा पूर्ण कर, चालू वर्षाचा मागे जाऊन लावलेला आगाऊ कर आणि पुढचे हप्ते. आयकराच्या तारखा १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर, १० डिसेंबर. धंदा कराच्या १५ फेब्रुवारी, १५ मे, १५ ऑगस्ट, १५ नोव्हेंबर. नेमक्या याच सुमारास परवान्याच्या नूतनीकरणासाठी आर्थिक स्थिती दाखवायची असते. उपाय जुनाच: आलेल्या प्रत्येक रकमेतला मूल्यवर्धित कर वेगळा काढून, उरलेल्या नफ्याचा तिसरा हिस्सा दुसऱ्या खात्यात टाकायचा आणि त्याला हात लावायचा नाही.

रहिवासी झालात की जगभरचं उत्पन्न जर्मन विवरणपत्रात येतं: भारतातलं घरभाडं, ठेवींचं व्याज, म्युच्युअल फंडही. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा लाभ उत्पन्न दाखवल्यावर मिळतो, लपवल्यावर नाही.

परवाने, माणसं आणि संचालकाची मान

आयटी सल्ला कुणीही देऊ शकतो. बेकरी, केशकर्तन, विजेची कामं अशा ५३ हस्तव्यवसायांना ‘मायस्टर’ (निष्णात कारागीर) पदवी किंवा तशी पात्रता असलेला माणूस लागतो. तुमच्याकडे नसेल तर असा माणूस नोकरीवर ठेवा, नाहीतर दुकान उघडता येत नाही. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य कार्यालयाचं प्रशिक्षण-पत्र लागतं आणि काम सुरू करताना ते तीन महिन्यांहून जुनं चालत नाही. ऑनलाइन माल विकत असाल तर पॅकिंगच्या खोक्यांसाठीही ‘लुसिड’ या नोंदवहीत नाव हवं. संकेतस्थळावर मालक, पत्ता, नोंदणी क्रमांक असलेलं ‘इम्प्रेसुम’ पान नसेल तर प्रतिस्पर्ध्याच्या वकिलाचं खर्चासकट पत्र येतं.

माणूस ठेवायचा तर २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो, आणि पगारावर मालकाची सामाजिक विम्याची वर्गणी साधारण पाचवा हिस्सा वर. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा.

मर्यादित जबाबदारी संचालकाला सगळीकडून वाचवत नाही. कर्मचाऱ्यांच्या वाट्याची सामाजिक विम्याची वर्गणी न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. कंपनी देणी भागवू शकत नाही असं झालं की जास्तीत जास्त तीन आठवड्यांत, आणि देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाली तर सहा आठवड्यांत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागतो. ‘पुढच्या महिन्यात मोठं बिल येणार आहे’ हे कारण न्यायालय ऐकत नाही. वार्षिक हिशेब बारा महिन्यांत प्रसिद्ध केले नाहीत तर २,५०० युरोंपासूनच्या दंडाची नोटीस येते.

तीन वर्षांनंतरची फाईल

कलम २१ चा परवाना एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा. पहिल्या उपकलमाखाली आलेल्यांना त्यानंतर कायम वास्तव्य मागताना दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात: ठरवलेला व्यवसाय यशस्वीपणे उभा राहिला, आणि तुमचा व सोबत राहणाऱ्या कुटुंबाचा चरितार्थ त्या उत्पन्नातून भागतो. भाषेची परीक्षा इथे कायद्याने अनिवार्य नाही. निर्णय मात्र अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे, आणि त्याच्याशी जर्मनमध्ये बोलता येणं कुणाला महाग पडल्याचं ऐकिवात नाही.

‘यशस्वी’ हे मूळ आराखड्याशी ताडून बघतात. म्हणून आराखड्यात फुगवलेले आकडे तीन वर्षांनी तुमच्याच विरुद्ध उभे राहतात. मूळ वाटेपासून दूर गेला असाल तर का गेलात याचं एक पान, आकड्यांसह, दरवर्षी लिहून फाईलला लावा. सोबत कर सल्लागाराचे मासिक अहवाल, करनिर्धारणा, विम्याचे दाखले, भाडेकरार, कर्मचाऱ्यांच्या नोंदी. स्वतःच्या जीएमबीएचमधून पगार घेत असाल तर तो नियमित आणि बाजारभावाचा हवा. कंपनीकडून ‘उसने’ घेऊन घर चालवणाऱ्याचा चरितार्थ कागदावर शून्य दिसतो, आणि कर कार्यालय ती उचल छुपा नफा धरतं ते वेगळंच.

नागरिकत्वासाठी पाच वर्षांचं वास्तव्य, बी१ जर्मन आणि ३३ प्रश्नांची चाचणी (१७ बरोबर हवेत). शुल्क २५५ युरो. जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही, पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओळखपत्र) घ्यावं लागतं. भारतात शेतजमीन घ्यायचा विचार असेल तर तो आधी आवरा, ओसीआयधारकाला ती विकत घेता येत नाही.

आणि धंद्यानिमित्त सतत फिरणाऱ्यांसाठी: जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर साधा परवानाच काय, कायम वास्तव्याचा परवानाही आपोआप संपतो. जास्त काळ बाहेर जाणार असाल तर निघण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाकडून वाढीव मुदत लेखी घ्या. परत आल्यावर ती मिळत नाही.